लिस्बनची कडू कॉफी, नातातलं अंडं आणि नाशिकहून येणाऱ्या सासूबाई

पत्रलेखिका तेहतीस वर्षांच्या आहेत. माहेर आणि सासर दोन्ही नाशिकचं. यजमानांच्या नोकरीमुळे वर्षभरापासून लिस्बनमध्ये राहतात. त्या लिहितात : ‘सगळे म्हणतात, तिथली कॉफी आणि पेस्ट्री म्हणजे काय विचारता! मी रोज सकाळी कॅफेत जाते, दिवसभरात कॅफेवाल्याशिवाय कुणाशी बोलणं होत नाही. पण कॉफी कडूजहर लागते आणि दुधाची मागवली तर पाणचट. पेस्ट्रीत अंडं असतंच. घरी आम्ही अंडं खात नाही. इथे मी खायला लागले आहे, पण नाशिकला कुणाला माहीत नाही. हे म्हणतात, रोजचे चार युरो म्हणजे चारशे रुपये, महिन्याचे बारा हजार झाले, घरीच कॉफी कर. दिवाळीनंतर सासूबाई दोन महिन्यांसाठी येताहेत. अंड्याच्या पदार्थाला लागलेला चमचाही त्यांना चालत नाही. तोवर मी कॅफे बंद करावं का? की काही न बोलता बिनअंड्याचं काहीतरी शोधून त्यांना खाऊ घालावं? आणि इथे राहून मला या गोष्टींची मजाच घेता येत नाही, यात माझंच काही चुकतंय का?’

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. लिस्बनमध्ये राहायचं तर तिथली कॉफी आवडलीच पाहिजे, हा नियम फोटो टाकणाऱ्यांनी केला आहे. तिथला माणूस स्वतः त्या छोट्या कपात साखरेची पुडी रिकामी करतो, काउंटरपाशी उभ्या उभ्या दोन घोटांत संपवतो आणि कामाला जातो. तुम्हाला ती कडू लागते, कारण ती कडूच असते. पोर्तुगालमध्ये बिया गडद भाजतात आणि मिश्रणात रोबस्टा या जास्त कडू जातीच्या कॉफीचा वाटा चांगलाच असतो. 1975 पर्यंत अंगोला त्यांच्या ताब्यात होतं आणि तिथून रोबस्टा येत होती. जिभेला पडलेली सवय वसाहत गेल्यावरही राहिली. रोबस्टात कॅफीन अरेबिका या सौम्य जातीच्या जवळपास दुप्पट असतं, त्यामुळे संध्याकाळी पाच वाजता घेतलेला कप रात्री अकराला जागा ठेवतो, तेही यातच आलं.

दूधवाल्या कॉफीचा पाणचटपणा निराळ्या कारणाने येतो. तुम्ही बहुधा ‘गालांव’ मागवता. उंच काचेच्या ग्लासात येतो तो, पाव भाग कॉफी आणि पाऊण भाग दूध. ते दूध बहुतेक ठिकाणी पॅकबंद आणि अर्ध्या सायीचं असतं, फॅट दीड-पावणेदोन टक्के. आपली जीभ सहा टक्क्यांच्या म्हशीच्या दुधावर वाढलेली. त्यात जुन्या पद्धतीच्या काही कॅफेंत गालांवसाठी एकदा वापरलेल्या कॉफी पावडरीतूनच पुन्हा पाणी काढतात. म्हणून मागताना ‘द माकिना’ हे दोन शब्द जोडा, म्हणजे मशीनमधून ताजी काढलेली. त्याहून बरं म्हणजे गालांव सोडून ‘मेया द लैत’ मागा. कप मोठा, कॉफी आणि दूध निम्मं-निम्मं. ‘मेया द लैत द माकिना, इश्कुरा’ म्हटलं की जरा गडद येते, ‘क्लारा’ म्हटलं की फिकी, ‘बें केंत’ म्हटलं की चांगली गरम. आपल्याला कॉफी वाफाळती लागते आणि तिथे ती जेमतेम पिण्याजोगी गरम देतात, म्हणून हा शेवटचा शब्द विसरू नका.

बिका, म्हणजे ती छोट्या कपातली काळी कॉफी, सोडायची नसेल तर ‘पिंगादु’ घेऊन बघा. बिकात दुधाचा एक थेंब, पण कडूपणाची धार तेवढ्यानेही बोथट होते. ‘आबातानादु’ म्हणजे मोठ्या कपात जास्त पाण्याची काळी कॉफी. ती कमी दाट असते, कमी कडू असेलच असं नाही. बिका हा शब्द लिस्बनचा. पोर्तोला गेलात तर तिथे तिलाच ‘सिंबालिनु’ म्हणतात, आणि नुसतं ‘काफे’ म्हटलं तरी सगळीकडे तीच येते.

आता यजमानांचा हिशेब. पगार युरोत, घरभाडं युरोत, आणि फक्त तुमची कॉफी रुपयांत, हे काही बरोबर नाही. नाशिकमध्ये रविवारी सकाळी अख्खं कुटुंब गाडी काढून गंगापूर रोडला मिसळ खायला जातं, तेव्हा मटकी किलोला काय भावाने आहे हे कुणी विचारत नाही. तरीही ते अर्धे बरोबर आहेत, कारण रोजचे चार युरो जातात ते बसण्याच्या जागेपायी. बाहेरच्या फुटपाथवरच्या टेबलांना तिथे ‘इश्प्लानादा’ म्हणतात आणि अनेक ठिकाणी तिथला दर आतल्यापेक्षा जास्त असतो. बायशा, शियादु, बेलें या पर्यटकांच्या भागांत तर हमखास. घराजवळच्या साध्या ‘पाश्तेलारिया’त काउंटरवर बिका साधारण एक युरोच्या आसपास आणि नाता, म्हणजे अंड्याच्या बलकाचं सारण भरलेली पापुद्र्यांची छोटी वाटी, सव्वा-दीड युरोला मिळतो. दरपत्रक लावलेलं असतं, आधी वाचा.

म्हणजे असं ठरवता येईल : आठवड्याचे पाच दिवस नुसती कॉफी आणि त्यातले दोन दिवस सोबत काही गोड. महिन्याला बावीस कॉफी आणि आठ-नऊ पेस्ट्री. बिका धरली तर पस्तीस युरोंच्या आसपास बसतं. दुधाची हवी असेल तर चाळीस-पंचेचाळीस धरा, कारण तिला थोडे जास्त पडतात. रक्कम दोघांनी एकदा ठरवायची आणि मग रोजच्या कपावर चर्चा नाही. बिल देताना ते ‘कोंत्रिब्युइंत?’ असं विचारतात, तेव्हा तुमचा नऊ आकडी कर क्रमांक सांगा. कॅफे-रेस्टॉरंटच्या बिलांतल्या व्हॅटचा 15 टक्के भाग वर्षाच्या आयकरातून वजा होतो. तुमच्या कॉफीवर महिन्याला साठ-सत्तर सेंट सुटतील, फार नाही. पण यजमानांना हिशेब आवडतो म्हणून सांगितलं.

तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरतं येऊन गेलं आहे, ‘दिवसभरात कॅफेवाल्याशिवाय कुणाशी बोलणं होत नाही’. मला वाटतं, तुम्ही पैसे मोजता ते मुख्यतः यासाठी. मग ते नीट वसूल करा. रोज वेगळं, फोटोतलं कॅफे शोधण्यापेक्षा एकच कॅफे आणि एकच वेळ धरा. टेबलाऐवजी काउंटरपाशी उभ्या राहा, शिरताना ‘बों दिया’ म्हणा. थोड्याच आठवड्यांत तुम्ही न मागता तुमची कॉफी समोर येऊ लागेल आणि शेजारची आजी हवेबद्दल बोलायला लागेल. भाषेसाठी सरकारी मोफत वर्ग आहेत, ‘पुर्तुगेश लिंग्वा द आकुल्यिमेंतु’ या नावाचे. रोजगार केंद्रात आणि सरकारी शाळांत चौकशी करा.

घरच्या कॉफीसाठी मोका पॉट, म्हणजे शेगडीवर ठेवायचं दोन मजली कॉफीचं भांडं, घ्या. त्याआधी शेगडी बघा. इंडक्शन असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा चालणार नाही, स्टीलचा घ्यावा लागेल. तीन कपांच्या पॉटला साधारण पंधरा-सोळा ग्रॅम पावडर आणि दीडशे मिली पाणी लागतं. पाणी खालच्या भांड्यातल्या झडपेच्या खाली राहिलं पाहिजे. पावडर चाळणीत भरून वरून सपाट करा, पण दाबू नका. आपल्या फिल्टर कॉफीच्या सवयीने हात दाबायला जातो आणि मग पाण्याला वाट मिळत नाही. आच मंद, झाकण उघडं. वर येणारी धार फिकी पिवळी झाली आणि फुरफुर आवाज सुरू झाला की लगेच उतरवा, खालचं भांडं नळाच्या गार पाण्याखाली धरा. पॉट फुरफुरत राहू दिला तर शेवटचं जळकं पाणी सगळी कॉफी कडू करतं. घरच्या मोकाबद्दलच्या बहुतेक तक्रारी इथेच उगवतात. पाकिटावर ‘शंभर टक्के अराबिका’ बघा आणि दूध ‘गोर्दु’ घ्या, साडेतीन टक्क्यांचं. निम्मी कॉफी, निम्मं उकळतं दूध, साखर चवीपुरती. ही तुम्हाला घरची वाटेल.

आता अंडं. तुम्ही ज्या देशात बिनअंड्याची पेस्ट्री शोधताय, तिथली सगळी गोड परंपराच पिवळ्या बलकावर उभी आहे. मठांमध्ये अंड्यातला पांढरा भाग कपड्यांना खळ करायला आणि वाइन नितळ करायला वापरायचे. उरलेले बलक आणि मदेरा-ब्राझीलची साखर यांतून जोगिणींनी शेकडो गोड पदार्थ काढले, असं तिथे सांगतात. 1834 मध्ये मठ बंद केले गेले आणि पाककृती बाहेर पडल्या. बेलेंमधलं नाताचं प्रसिद्ध दुकान 1837 पासून आहे. नातात बलक म्हणजे मुख्य जिन्नस, तो काढला तर दुसराच पदार्थ होतो. त्यामुळे दुकानदाराला ‘बिनअंड्याचा नाता आहे का’ असं विचारलं आणि तो गोंधळला, तर त्याचा दोष नाही. वीगन नाता करणारी काही दुकानं लिस्बनमध्ये आहेत, तिथे जा.

‘वेजितारियाना’ म्हणून सांगितलं की आपलं काम झालं, हा आणखी एक समज. तिथे त्या शब्दात अंडं बसतं. ‘वीगन’ म्हटलं तर दूध-लोणीही जातं. दूध चालतं पण अंडं नाही, या आपल्या घराला तिथे रोजच्या बोलण्यातलं नाव नाही. म्हणून जिन्नसाचं नाव घेऊन विचारा : ‘लेवा ओवुश?’ म्हणजे यात अंडी आहेत का, आणि ‘लेवा बान्या?’ म्हणजे यात डुकराची चरबी आहे का. दुसरा प्रश्न आपली माणसं विचारत नाहीत आणि तिथेच फसतात. युरोपीय नियमाने अ‍ॅलर्जीचे चौदा घटक ग्राहकाला सांगावे लागतात, सुट्या पेस्ट्रीलाही. अंडं आणि दूध त्या चौदांत आहेत, म्हणून अंड्याबद्दल खात्रीचं उत्तर मिळू शकतं. चरबी त्या यादीत नाही. ती वेगळी विचारावी लागते, आणि काउंटरवरच्या मुलीला माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा घ्यायचा नाही. ‘तोसिन्यु दु सेउ’ आणि ‘पुदीं आबाद द प्रिश्कुश’ ही दोन नावं लक्षात ठेवा. पहिल्यात परंपरेने चरबी पडते, दुसऱ्यात डुकराच्या मांसाचा तुकडा. दोन्ही दिसायला निष्पाप पिवळे गोड पदार्थ आहेत.

तुम्ही स्वतः अंडं खाता, त्यात मला सोडवण्यासारखं काही दिसत नाही. तुम्ही मोठ्या आहात. अडचण लपवण्याची आहे. दोन महिने एका छोट्या फ्लॅटमध्ये, सोबत रोजचं फिरणं, आणि कॅफेतला मुलगा ओळखीने ‘नेहमीचा नाता?’ म्हणणार. हे झाकणं सांगण्यापेक्षा कितीतरी कष्टाचं आहे. आणि सासूबाईंना धक्का बसेल हे तुम्ही गृहीत धरलंय, विचारलेलं नाही. ज्या स्वतः खात नाहीत त्या दुसऱ्यावर रागावतातच, असं नाही. नाशिकमध्ये अशी कितीतरी घरं आहेत जिथे मुलं बाहेर खातात, आईला माहीत असतं आणि फक्त ओट्यावर यायचं नाही एवढीच अट असते. त्यांनी तिकडे येऊन स्वतः शोधून काढण्यापेक्षा आधी फोनवर सांगा, आणि यजमानांनी नव्हे, तुम्हीच. काहीसं असं : ‘आई, इथल्या केकमध्ये अंडं असतं आणि बाहेर मी तो खाते. घरात आणत नाही. तुमच्यासाठी पातेलं, तवा, चमचे नवे काढून ठेवलेत.’ माफी मागायची नाही, कारणं द्यायची नाहीत. शेवटचं वाक्य मात्र खरं असलं पाहिजे. फोनच्या आधी एक तवा आणि दोन पातेली खरंच वेगळी काढा.

आणि ‘काही न बोलता बिनअंड्याचं शोधून खाऊ घालावं’ हा विचार सोडाच. तुमची स्वतःची खात्री नसलेला पदार्थ ‘यात नाही हो अंडं’ म्हणून त्यांच्या पुढे ठेवू नका. उद्या कळलं तर तुम्ही अंडं खाता यापेक्षा तुम्ही खोटं बोललात हे त्यांना जास्त लागेल.

त्यांना बाहेर नेताना सापळे नेमके तेच आहेत जे आपल्या ओळखीचे दिसतात. ‘अरॉश दोस’ हुबेहूब आपली तांदळाची खीर, वर दालचिनीची नक्षी. बऱ्याच ठिकाणी त्यात बलक घोटलेला असतो. नाताळात ‘आलेत्रिया’ नावाची शेवयांची खीर येते, तिचंही तेच. चॉकलेट मूसमध्ये कच्चं अंडं, फळांच्या मूसमध्ये अनेकदा जिलेटीन (तेही जनावरांपासूनचं). ‘पांव द देउश’ वरच्या खोबऱ्यामुळे आपल्यातला वाटतो, पण त्यात अंडं असतं. मग खायचं काय? ‘तुर्रादा’ सांगा : जाड पावाचे भाजलेले, लोण्याने थबथबलेले तुकडे. नव्या दुकानात पावाबद्दलही एकदा विचारून घ्या. ‘मार्मेलादा’ म्हणजे क्विन्स नावाच्या फळाची वडी, फक्त फळ आणि साखर, जिलेटीन नाही. नुसत्या चीजचं टोस्ट मिळतं, पण ते हॅमच्याच मशीनमध्ये दाबून भाजतात. चमच्यालाही सोवळं असेल तर टाळा. ‘पाल्मिएर’ साधा घेतला तर पापुद्रे आणि साखर एवढंच असायला हवं, पण वरून अंडं फिरवलंय का आणि पापुद्र्यांत काय घातलंय, हे विचारल्याशिवाय नाही.

चीजबद्दल एक चांगली बातमी. बहुतेक देशांत चीज विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात का, हा प्रश्न असतो. पोर्तुगालमधली सेर्रा दा इश्त्रेला आणि अझैतांव ही मेंढीच्या दुधाची चीज परंपरेने ‘कार्दु’ या काटेरी वनस्पतीच्या फुलांनी विरजतात. पाकिटावर तो शब्द बघून घ्या. सासूबाईंना त्याचा वास सोसेल का, ते मला सांगता येणार नाही.

चहाचं आधीच सांगून ठेवते. तिथे गरम पाण्याची किटली आणि पुडी येते. ‘लैत केंत आ पार्त’ म्हटलं की गरम दूध वेगळं देतात, पण तो उकळलेला चहा होत नाही. तो घरीच. कॅफेत संध्याकाळी त्यांना ‘कारिओका द लिमांव’ द्या : लिंबाच्या सालीवर उकळतं पाणी, बाकी काही नाही. किंवा ‘सेवादा’, भाजलेल्या जवाची कॉफी. दोन्हींत कॅफीन नसतं. त्या येतील तो हंगाम भाजलेल्या चेस्टनटचा आहे. रस्त्यावर गाडीवर मीठ लावून भाजतात, कागदाच्या पुडीत डझनावर देतात, आणि 11 नोव्हेंबरला सेंट मार्टिनच्या दिवशी ते खाण्याची तिथली रीतच आहे. कार्तिकी एकादशीला चालतात का, हे सासूबाई ठरवतील.

एक दिवस घरी बिनअंड्याचा नातासारखा पदार्थ करा, त्यांना हाताशी घेऊन. नाता म्हणू नका. ‘मासा फुल्यादा’ची, म्हणजे पापुद्र्यांच्या पिठाची, तयार गुंडाळी फ्रीजच्या विभागात मिळते, लेबल वाचून लोण्याची किंवा वनस्पती तेलाची घ्या. ती घट्ट वळून दोन सेंटिमीटरचे दहा-बारा तुकडे करा, मफिनच्या साच्यात कापलेली बाजू वर ठेवून पाच मिनिटं थांबा आणि ओल्या अंगठ्याने मधून कडेकडे दाबत वाटी करा. तळ पातळ हवा, नाहीतर कच्चा राहतो. आतल्यासाठी 400 मिली दूध, 100 मिली क्रीम, 90 ग्रॅम साखर, 30 ग्रॅम कॉर्नफ्लोअर, दालचिनीची एक काडी, लिंबाच्या सालीच्या दोन पट्ट्या (पांढरा भाग नको, कडू होतं) आणि रंगापुरती हळद. कॉर्नफ्लोअर थोड्या गार दुधात कालवून घ्या. उरलेलं सगळं उकळून त्यात ते ओता आणि दाट होईपर्यंत ढवळा. दालचिनी आणि साली काढून कोमट होऊ द्या. गरम भरलं तर वाटी वितळते. पाऊणच भरा, नाहीतर उतू जाऊन साच्याला चिकटतं. ओव्हन 250 अंशांवर आधी पूर्ण तापलेला, वरचा कप्पा, बारा ते पंधरा मिनिटं. काळे डाग बलकाइतके पडणार नाहीत. वरून चिमूटभर साखर भुरभुरली तर थोडे येतात. त्याच दिवशी खा, दुसऱ्या दिवशी तळ मऊ पडतो.

दुसऱ्या देशांतून लिहिणाऱ्यांसाठी थोडक्यात. इटलीत काउंटरचा आणि टेबलाचा दर वेगळा, बऱ्याच ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती दाखवायची. चरबीला तिथे ‘स्त्रुत्तो’ म्हणतात, कानोलीच्या कवचात आणि स्फोल्यातेल्लात, या तिथल्या गोड पदार्थांत, ती विचारा. जर्मनीत क्रीमच्या थरांच्या केकमध्ये अनेकदा जिलेटीन असतं, तळलेल्या गोडाला ‘श्माल्त्स’ म्हणजे चरबी लागली आहे का ते विचारा. व्हिएन्नात कॉफीसोबत पाण्याचा पेला येतो आणि एका कपावर तास-दोन तास बसलं तरी कुणी उठवत नाही. एकटेपणासाठी कॅफे शोधत असाल तर त्याहून चांगलं शहर नाही.

आता सासूबाईंची बॅग. युरोपीय संघात बाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. म्हणजे पेढे नाहीत, खवा नाही, घरचं तूपही नाही. विमानतळावर काढून टाकतात. ताजी फळं, भाजी, कढीपत्ताही ठेवून या म्हणावं, नाशिकची द्राक्षं तर नाहीच. चिवडा, कोरडे मसाले, मेतकूट, कॉफी पावडर चालेल. तुपासाठी त्यांचा जीव तुटेल, तेव्हा तिथेच बिनमिठाचं लोणी घ्या, पाकिटावर ‘सें साल’ लिहिलेलं. पाव किलोचं कढवून साधारण दोनशे ग्रॅमच्या जरा आत तूप निघतं. मंद आचेवर, तडतड थांबून बेरी बदामी होईपर्यंत. आणि स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म कुठे आहे ते आधी बघून ठेवा.